आबे फारिया

जुझे कुस्तोदिओ दे फारिया ऊर्फ आबे फारिया (जन्म : कांदोळी, गोवा, मे १७५६; मृत्यू : पॅरिस, २० सप्टेंबर १८१९) हे गोमंतकीय कॅथलिक धर्मगुरू व संमोहनशास्त्राचे आद्य अभ्यासक होते. संमोहनाचे कारण चुंबकशक्तीत नसून संमोहित होणाऱ्याच्या मनात असते, हा सिद्धान्त त्यांनी मांडला.

जीवन

आई-वडील विभक्त झाल्यावर वडील कायतान व्हितोरिन धर्मगुरू झाले, तर आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात संन्यासिनी झाली. १७७१ मध्ये फारिया वडिलांसह लिस्बनला व पुढे रोमला गेले. तेथे त्यांनी धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १७८० मध्ये ते धर्मगुरू झाले. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना ते गोंधळले, तेव्हा समोरची मंडळी म्हणजे निव्वळ भाजी समज, असे वडिलांनी कोकणीत पुटपुटताच त्यांची भीती गेली, अशी आख्यायिका आहे. १७८७ मधील पिंटोंच्या बंडानंतर, १७८८ मध्ये ते पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीतही त्यांनी भाग घेतला. १८११ मध्ये मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

चुंबकत्व आणि संमोहन

शरीरात अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याचा तोल ढळल्याने रोग होतात, असे फ्रान्झ मेस्मर यांचे मत होते. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने १७८४ मध्ये ते फेटाळले व परिणामांचे श्रेय रुग्णाच्या कल्पनेला दिले. मेस्मरचे शिष्य प्युइसेग्यूर यांच्याकडून फारियांनी ही विद्या घेतली. द्रवाची कल्पना मात्र नाकारली. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते जाहीर प्रयोग करीत. समोरच्या व्यक्तीस डोळे मिटून चित्त एकाग्र करण्यास सांगून ते झोपण्याची आज्ञा देत. १८१६ मध्ये त्यांची टिंगल करणारे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यांची प्रतिष्ठा ढासळली. त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. मॉंमार्त्र येथे त्यांचे दफन झाले.

प्रभाव व स्मारक

सूचनेविषयीचे त्यांचे विचार पुढे फ्रान्समधील नॅन्सी येथील वैद्यांनी विकसित केले. अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबरीतील कैदी धर्मगुरूला त्यांचेच नाव आहे. पणजीत १९४५ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत.

नैराश्यासाठी आज वापरले जाणारे मेंदूचे चुंबकीय उत्तेजन मेस्मरच्या द्रवाशी संबंधित नाही. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर ते आधारलेले असून, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना नैराश्याने वारंवार ग्रासले जात असल्याने त्यांच्यावरही या उपचाराचा अभ्यास होत आहे. अशा चाचण्यांत काही रुग्णांवर उपचाराचा केवळ आभास निर्माण करणारी कॉइल वापरतात. कारण सुधारणा चुंबकामुळे झाली की रुग्णाच्या अपेक्षेमुळे, हा फारियांच्या काळातील प्रश्न आजही तपासावा लागतो.