लक्ष्मीबाई टिळक : दुःखाला शब्द सापडले तेव्हा

मनातले लिहून काढा, असे आज समुपदेशक सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका बाईने हे कुणी न सांगताच केले होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. वडिलांना सोवळ्याने इतके पछाडलेले, की घरात मीठसुद्धा धुऊन घेत. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. अक्षरओळखही लग्नानंतर, पतीकडूनच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, पण दुरावलेला. पदरात लहान मुलगा. त्या पार खचल्या. मात्र याच ताटातुटीच्या काळात त्यांना कविता सुचू लागल्या.

काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, तरी चूल आणि पाणी वेगळेच होते. पुढे माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही, हे त्यांना आतून पटले. सोवळे सुटले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी आता अनाथ मुलांना आपल्या चुलीवरचे जेवू घालत होती, प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होती. श्रद्धेने त्यांना दिलेली सगळ्यात मोठी सुटका बहुधा हीच.

श्रद्धेमुळे संकटे टळली का? नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. १९१९ मध्ये तेही गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि तब्बल ६४ अध्याय रचले. साठी उलटल्यावर ‘स्मृतिचित्रे’ आले. पहिला भाग १९३४चा. त्यात ओढगस्तीचे दिवसही हसत सांगितले आहेत, आणि पहिली थट्टा स्वतःचीच. ज्याने इतके सोसायला लावले, त्या नवऱ्याबद्दलही कडवटपणा नाही. कृतज्ञता म्हणजे सगळे छान होते असे म्हणणे नव्हे, हे इथे कळते.

विज्ञान काय म्हणते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात, मनातले आघात सलग चार दिवस लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम कमी-जास्त दिसला. त्यामुळे हे औषधाला पर्याय नाही.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा राहिलेला भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला.