विलायतेतील बिऱ्हाड

इ. स. १८८८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या आगबोटीतून एक हिंदी तरुण इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. वय उणेपुरे एकोणीस. उतरताना शोभून दिसावा म्हणून खास राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख त्याने चढविला होता. आजूबाजूस पाहतो तो एवढ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! बदलावे, तर सामान किल्ल्यांसह एजंटाच्या स्वाधीन झालेले. त्यात दुसरा दिवस रविवारचा. बॅरिस्टर होण्यासाठी आलेल्या मोहनदास गांधींचा विलायतेतील प्रवेश हा असा झाला.

लंडनमधील हॉटेलात त्यांना भेटावयास डॉ. प्राणजीवन मेहता आले. बोलता बोलता मोहनदासांनी त्यांची उंच टोपी उचलून तिच्यावरून उलटा हात फिरविला आणि तिची मऊ लव विसकटली. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, हे त्या देशातील रीतिरिवाजाचे पहिले धडे त्यांना त्या वेळी मिळाले. हॉटेलचे बिल तीन पौंड झाले, आणि पोट मात्र रिकामेच! एक पदार्थ रुचला नाही म्हणून दुसरा मागविला, तर पैसे दोहोंचेही द्यावे लागले.

पुढे एका विधवा बाईच्या घरी राहण्याची सोय झाली. मद्यमांसास स्पर्श करणार नाही, अशी शपथ मोहनदासांनी निघताना आईपुढे घेतली होती. या पाहुण्यास काय रांधून घालावे, हे त्या बाईस उमजेना. सकाळी ओटची लापशी. दोन्ही वेळच्या जेवणास पालक, पाव व मुरंबा. दोनतीन कापांहून अधिक पाव मागण्याचा त्यांना संकोच वाटे. घरातील दोन मुली आग्रहाने एखादा काप अधिक वाढीत. पण त्यांची भूक अख्ख्या पावाची होती, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! शपथ मोडली असती, तर सात समुद्रांपलीकडे आईला कळणार थोडेच होते? मोहनदास मात्र उपाशी पोटी रोज दहाबारा मैल भटकून शाकाहारी खानावळ शोधीत राहिले. अखेर फॅरिंग्डन रस्त्यावर ती सापडली, आणि इंग्लंडात आल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले.

मध्यंतरी साहेबी थाटाचा मोहही पडला. एकोणीस शिलिंगांची टोपी आली, नाच व व्हायोलिन यांची शिकवणी झाली. सुमारे तीन महिन्यांत तो उतरला. पैसा थोरल्या बंधूंनी मोठ्या कष्टाने पुरविलेला होता. तिकिटे, वर्तमानपत्र, गाडीभाडे असा बारीकसारीक खर्च मोहनदास लिहून ठेवू लागले. रात्री शिल्लक जुळल्याखेरीज ते निजत नसत. हिशेबाने जे दाखविले, त्याप्रमाणे बिऱ्हाड बदलले. कामाच्या जागेपासून पायी जाता येईल अशा दोन खोल्या घेतल्या. पुढे एकच ठेवली. तेथे शेगडी पेटवून सकाळी ओटची लापशी व कोको करावा, दुपारी बाहेर जेवावे, रात्री पाव व कोको घ्यावा. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंग. याच काळात लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत लॅटिनमध्ये नापास होऊन ते दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला स्वदेशी निघाले. एडनपासून समुद्र खवळलेला होता. बहुतेक उतारू आजारी पडले होते. न्याहारीस दोघेतिघेच येत. त्यांच्यासह मोहनदास लापशीची बशी मांडीवर सांभाळून धरीत आणि ती सांडू न देता शांतपणे खात.