दीनीकपुत्र ऋषभदत्त

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ साल आठवते. परंतु ज्या तापीच्या काठी ते शहर वसले, तिच्याशी जडलेले एक नाव त्याहून दीड हजार वर्षे जुने आहे, आणि ते नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात, संस्कृत वळणाने ऋषभदत्त, याचे ते नाव होय.

हा पुरुष जन्माने शक. ग्रीकांनी ज्या भटक्या लोकांना सिथियन म्हटले, त्यांचेच हे भाईबंद. पित्याचे नाव दीनीक, सासऱ्याचे नहपान. ही दोन्ही नावे संस्कृत घडणीची नव्हेत. पुढल्या पिढीत मात्र जावई ऋषभदत्त झाला आणि नहपानाची कन्या दक्षमित्रा. अशाच दुसऱ्या क्षत्रपकुळातील चष्टनाच्या पित्याचे नाव लिहिताना ब्राह्मीत योग्य अक्षर नसल्याने लेखनिकांना ‘य्सामोतिक’ असे जोडाक्षर योजावे लागले. त्याच चष्टनाचा नातू रुद्रदामन याने इ. स. १५० च्या सुमारास गिरनारच्या शिळेवर डौलदार संस्कृत कोरविले.

ऋषभदत्ताने नाव घेतले, तसे त्या नावाला साजेसे वर्तनही केले. तापी, पारदा, दमणा, दाहनुका आदी सहा नद्यांवर त्याने मोफत नावा ठेवल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. नानंगोल गावचे ३२ हजार माड त्याने चरकांच्या संघांना दिले. बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदविले, आणि त्यांच्या चीवरादी खर्चासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३ हजार कार्षापण कायम ठेव म्हणून व्याजी लावले. तरीच्या नावेचे आणि माडाचे मोल आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना कोणी समजावून सांगावयास नको.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य बुडविले. ऋषभदत्ताकडचे शेत त्याने दुसऱ्या दानात दिले. नहपानाच्या नाण्यांवर आपला छाप उमटविला. अशी हजारो नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडली. परंतु ज्या डोंगरात सातवाहनांनी शकांच्या संहाराचा गौरव कोरविला, त्याच डोंगरात शकाचे दानलेख अबाधित राहिले.

माणसाच्या नावावरून त्याचे मूळ हुडकण्याची आणि मुळावरून त्याला आपला किंवा परका ठरविण्याची खोड आजही आपल्या समाजात आहे. ऋषभदत्ताने संस्कृत नाव धारण केले, पण दीनीकाचा पुत्र म्हणवून घेण्यात अथवा स्वतःस शक म्हणविण्यात त्याने कधी कमीपणा मानला नाही. त्याच्या नावेत बसणाऱ्यालाही कोणी कूळ विचारून तीर नाकारला, असे त्याचे लेख सांगत नाहीत. माणूस कोठून आला यापेक्षा त्याने किती जणांना पैलतीरी पोचविले, हाच आपलेपणाचा खरा निकष होय, असे आम्हांस वाटते.