रेव्ह. गिल्बर्ट व्हाइट व त्यांची बाग

परसांत काकडीचा वेल लाविला, त्यास वेळच्या वेळीं पाणी व खत घातलें, पिंवळीं फुलेंही पुष्कळ आलीं, परंतु फळ कांहीं धरलें नाहीं, असा अनुभव आपल्यापैकीं अनेकांस असेल. अशा वेळीं कोणी जमिनीस दोष देतो, तर कोणी दृष्ट लागली असें म्हणतो. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एका खेड्यांत राहणाऱ्या पाळकांनीं हीच अडचण फुलांस थोडासा मध लावून दूर केली. त्यांचें नांव रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट. त्यांचें चरित्र वाचकांस सादर करितों.

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजीं हँपशायर परगण्यांतील सेलबोर्न या लहान गांवीं झाला. त्यांचे आजोबा तेथील पाळक होते. ऑक्सफर्ड येथील ओरिएल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें व १७४४ सालीं ते त्याच कॉलेजाचे फेलो निवडले गेले. पुढें त्यांस दीक्षा मिळाली. १७५७ सालीं कॉलेजाच्या प्रमुखाच्या जागेसाठीं ते उभे राहिले, पण ती जागा दुसऱ्यास मिळाली. सेलबोर्नचें मुख्य पाळकपण देण्याचा अधिकार दुसऱ्या एका कॉलेजाकडे असल्यामुळें तेंही त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. शेजारच्या खेड्यांत आणि शेवटचीं कांहीं वर्षें सेलबोर्न येथेंच ते साहाय्यक पाळक म्हणून काम करीत राहिले. त्यांनीं लग्न केलें नाहीं. कोणी म्हणेल कीं एवढी विद्या खेड्यांत फुकट गेली. मला तसें वाटत नाहीं. ती मोठी जागा मिळाली असती तर ज्या कामामुळें त्यांचें नांव राहिलें तें काम झालें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

तें काम म्हणजे घरामागची बाग. १७५१ सालापासून ते बागेची रोजनिशी ठेवूं लागले. कोणतें बीं केव्हां पेरलें, पाऊस किती पडला, कोणतें पांखरूं कोणत्या दिवशीं प्रथम दिसलें, अशा नोंदी त्यांनीं मरेपर्यंत केल्या. खरबूज व काकडी यांची त्यांस फार आवड होती. त्या थंड देशांत या वेलांस ऊब लागते. म्हणून ताज्या लिदीचा जाड थर घालून त्यावर माती पसरीत, आणि वर काचेचें झाकण असलेली लांकडी चौकट ठेवीत. झाकणाखालीं वेल वाढे, परंतु मधमाशी तेथें सहज येत नसे. व्हाइट यांनीं नर व मादी अशा दोन्ही फुलांवर थोडा मध लाविला. मधमाश्यांस एकदां ती वाट लागली म्हणजे त्या सारीं फळें धरवीत, आणि सकाळीं काच उघडण्यापूर्वींच चौकटीभोंवतीं अधीरपणें घिरट्या घालीत, असें त्यांस दिसून आलें.

काकडीच्या वेलावर दोन प्रकारचीं फुलें येतात, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. ज्याच्या देठाशीं इवलीशी काकडी असते तें मादी फूल, व ज्याचा देठ नुसताच असतो तें नर फूल. नर फुलांतील पराग मधमाशी आपल्या अंगावर घेऊन मादी फुलापर्यंत नेते, तेव्हां फळ वाढतें; नाहीं तर तें कोंवळेंच गळून पडतें. फुलें व कीटक यांचें हें नातें सविस्तर उलगडून सांगणारें स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाचें पुस्तक १७९३ सालीं निघालें. म्हणजे व्हाइट यांच्या मृत्यूच्याच वर्षीं. मधमाश्यांस ऐकूं येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं व्हाइट यांनीं एकदां पोळ्याजवळ तोंडाशीं कर्णा धरून मोठ्यानें ओरडूनही पाहिलें. माश्या आपल्या कामांत गढलेल्याच राहिल्या. शेजाऱ्यांस काय वाटलें असेल कोण जाणे!

त्या काळीं गांडुळाचा बहुतेकांस तिटकारा असे. त्याच्या विष्ठेनें हिरवळ विद्रूप होते म्हणून माळी रागावत, आणि तें कोंवळें पीक खातें असा शेतकऱ्यांचा समज होता. व्हाइट यांनीं १७७७ सालच्या एका पत्रांत गांडुळाची बाजू मांडली. तें जमीन पोखरून भुसभुशीत करितें, त्या वाटेनें पाणी व मुळें आंत शिरतात, काड्या व पानें तें खालीं ओढून नेतें, आणि वर टाकलेली त्याची माती खतासारखी उपयोगी पडते, असें त्यांनीं दाखविलें. पुढें चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

घुबडाचीही हीच गोष्ट. आपल्याकडे घरावर घुबड बसलें कीं माणसें घाबरतात व त्यास दगड मारून हुसकावितात. व्हाइट हे घड्याळ हातीं घेऊन गव्हाणी घुबडांच्या एका जोडप्यावर तासभर नजर ठेवून बसले. दोहोंपैकीं एक तरी सुमारें दर पांच मिनिटांनीं पिलांसाठीं भक्ष्य घेऊन येत होतें, आणि तें भक्ष्य बहुधा उंदीर असे. ज्याच्या घरीं धान्याची कणगी आहे त्यानें याचा हिशेब स्वतःच करावा.

तथापि व्हाइट प्रत्येक जीवाचे रक्षक होते असें लिहिणें खरें होणार नाहीं. गांधीलमाश्या फळें नासूं लागल्या म्हणजे ते त्यांचीं पोळीं नष्ट करवीत, आणि पांखरें पारखण्यासाठीं त्यांवर बंदूक चालविण्याची त्या काळची रीत त्यांनींही पाळली. परंतु कान व डोळे यांवर त्यांचा अधिक भरंवसा होता. अगदीं सारखे दिसणारे तीन लहान पक्षी त्यांनीं केवळ आवाजावरून वेगवेगळे ओळखले.

हीं निरीक्षणें त्यांनीं दोघां विद्वान मित्रांस पत्रांतून कळविलीं होतीं. त्या पत्रांचें पुस्तक १७८९ सालीं त्यांच्या भावानें लंडन येथें प्रसिद्ध केलें, आणि तें आजही छापलें व वाचलें जातें.

२६ जून १७९३ रोजीं सेलबोर्न येथेंच त्यांस देवाज्ञा झाली. कबरेवरील लहानशा दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूची तारीख एवढेंच आहे. त्यांच्या बागेंत एक म्हातारें कासव होतें. १७८० सालीं एका आत्याच्या मृत्यूनंतर तें त्यांच्याकडे आलें होतें. तें हिंवाळ्यांत मातींत पुरून घेई, आणि त्याच्या जाण्यायेण्याची नोंद ते रोजनिशींत करीत. त्याचें नांव टिमथी, म्हणजे तीमथ्य. पण तें मेल्यावर कवच तपासलें तेव्हां ती मादी असल्याचें कळलें. तें कवच लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.