शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडणारे महात्मा जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्य बांधवांना खुला केला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, या गोष्टी शाळेतील मुलांनाही पाठ असतात. परंतु जोतीराव हे शेतकऱ्याचे पुत्र होते. शेत, रान, पाणी आणि सरकारी कचेरी यांचा एकमेकांशी काय संबंध असतो हे त्यांनी फार बारकाईने पाहिले होते. त्यांच्या चरित्राची ही बाजू बहुधा मागेच राहते.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत जोतीरावांचे चरित्र कशाला, असे एखाद्या भाविकास वाटेल. कर्मकांडावर व भिक्षुकशाहीवर त्यांनी कडक टीका केली हे खरेच आहे. परंतु सर्व मानवांचा निर्माता एकच आहे अशी त्यांची श्रद्धा होती व त्यास ते निर्मिक म्हणत. शिवाय शेलू हा भात पिकविणारा, डोंगराच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेला गाव. जोतीरावांनी ज्या गाऱ्हाण्यासाठी लेखणी झिजविली ते आपल्याही वाडवडिलांचे गाऱ्हाणे होते.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे व मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथे त्यांचे पणजोबा गावकामगार होते. गावच्या कुळकर्ण्याशी त्यांचे वितुष्ट आले, ते इतके विकोपास गेले की कुळकर्ण्याचा प्राण गेला व पणजोबांना गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे यावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे आजोबा शेटीबा पुण्यास आले. पेशवाईत फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून घराण्यास फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेतून काढून मळ्यात कामास घातले. मुलगा हुशार आहे हे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांना पटवून दिले, तेव्हा १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा नाव घातले गेले. मधल्या काळात नांगर, मोट व खुरपे यांची ओळख मात्र पक्की झाली.

पोटासाठी जोतीरावांनी सरकारी नोकरी धरली नाही. त्यांनी कंत्राटे घेतली. खडकवासला धरणाच्या कामास दगडचुना पुरविण्याचे कामही त्यांनी केले. त्यामुळे इंजिनिअर खाते आतून कसे चालते हे त्यांनी जवळून पाहिले. मजुराच्या हजेरीत काय लिहिले जाते व त्याच्या हाती काय पडते, मोजमाप कोण करतो आणि बिल कोणाच्या मेजावर अडते, या साऱ्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होत्या. त्या खात्यातील लबाडीवर त्यांनी पवाडाही रचला. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. म्हणजे कचेरीची बाहेरची व आतली अशा दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या.

तो काळ शेतकऱ्यास फार कठीण होता. इंग्रजांनी जमिनीची मोजणी करून सर्व्हे नंबर पाडले व तीस वर्षांसाठी सारा ठरविला. तीस वर्षे भरताच पुणे जिल्ह्यात फेरपाहणी होऊन सारा पुष्कळ वाढला. पीक येवो न येवो, सारा रोख भरावा लागे. रोख पैसा सावकाराकडे. आणि सावकाराच्या रोख्यावर काय लिहिले आहे ते शेतकऱ्यास वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले. त्यानंतर गावोगावी सावकारांच्या घरातील रोखे व दस्तऐवज काढून जाळण्यात आले. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्या दंग्याचा रोख अधिक होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला.

या सर्वांतून जोतीरावांचा शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ तयार झाला. १८८३ साली तो लिहून पुरा झाला. लिहीत असताना त्यांनी त्यातील भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून लेखक स्वतः त्यांच्यापुढे जाऊन बसला.

ग्रंथातील कचेरीचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. गोऱ्या साहेबास लोकांची भाषा नीट येत नाही, गावची माहिती नाही, व चैनीपुढे वेळही नाही. म्हणून तो सर्व भिस्त हाताखालच्या कारकुनांवर टाकतो. शेतकऱ्याचा अर्ज लिहिणार दुसराच, साहेबास वाचून दाखविणार तिसराच, आणि जबानी उतरून घेणारा आपल्या सोयीने शब्द मागेपुढे करणार. गावात कुळकर्ण्याची लेखणी, तालुक्यास मामलेदार कचेरीची, वर चिटणिसाची. या तीन लेखण्यांतून गेल्यावर मूळ गाऱ्हाणे ओळखू येत नाही. त्या काळी या जागा बहुतेक एकाच जातीच्या लोकांकडे होत्या, त्यामुळे जोतीरावांचा राग त्या जातीवर फार आहे. काही ठिकाणी तो मर्यादेबाहेर गेला असे आजच्या वाचकास वाटू शकेल. परंतु अर्ज कसा अडतो, तारीख कशी पुढे पडते व माणूस हेलपाटे घालून कसा थकतो याचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते कोणत्याही जातीचा माणूस खुर्चीवर बसला तरी खोटे ठरत नाही. कचेरीत बसणाऱ्यांनी त्याचा राग मानू नये, वाचून पाहावे.

त्याच ग्रंथात एक शेतकरी आहे. कलेक्टर साहेबाच्या मुक्कामावरून तो आपल्या शेताकडे परत येत आहे. अंगावर धड वस्त्र नाही. वाढलेल्या साऱ्याविषयी त्याने गाऱ्हाणे घातले, पण कोणी ऐकून घेतले नाही. तो आपल्याशीच बोलतो. बैल थकले, कर्ज फिटत नाही, मुलांचे कसे होणार याचा हिशेब मनाशी घालतो. पुढे त्याच्या घराचे, गोठ्याचे व जेवणाचे वर्णन येते. ते वाचल्यावर त्या काळचे शेतकऱ्याचे घर प्रत्यक्ष पाहिल्यासारखे होते.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते जंगलाविषयी. १८७८ च्या कायद्याने सरकारने जंगले राखीव करण्याचे मोठे अधिकार घेतले. त्यापूर्वी ज्याच्याकडे जमीन थोडी, तो शेतकरी रानातील फळे, फुले, पाला व वाळकी लाकडे यांवर आणि दोनचार शेळ्यागाई राखून गुजराण करी. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या व गायरानेही आत घेतली आणि शेळीस तोंड घालावयास जागा उरली नाही, अशी जोतीरावांची तक्रार होती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डोंगरावरचा पालापाचोळा, शेणलेंड्या व कुजलेले गवत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून खालच्या शेतात येई व जमीन फुकट खतावत असे. रान व शेत ही दोन खाती नसून एकच आहे, हे त्यांना शेतकरी म्हणून दिसत होते. दप्तरात मात्र ती दोन वेगळी खाती होती व अजूनही आहेत.

आपला कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. येथे हे संकट राबाच्या रूपाने आले. मे महिन्यात शेण, टहाळे, पाला, गवत व माती यांचे थर देऊन राब भाजल्याशिवाय भाताचे रोप जोमदार येत नाही, हे आपल्याकडे पोरासही ठाऊक असते. खात्याच्या दृष्टीने मात्र टहाळे तोडणे हा झाडाचा नाश. एकाच ऐनाच्या झाडाकडे शेतकरी पुढच्या वर्षाचे रोप म्हणून पाही आणि खाते इमारतीचे लाकूड म्हणून. ठाकूर व कातकरी बांधवांचे तर सारे जीवनच रानावर. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबाचा प्रश्न त्या चौकशीच्या मध्यभागी होता. जोतीरावांचा ग्रंथ त्याच्या दोन वर्षे आधीचा.

केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. पलटणी व पोलीस यांना शांततेच्या दिवसांत रिकामे न बसविता त्यांच्याकडून डोंगरउतारावर ताली व बांध घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी जिरून वाहत जाईल व माती धुपणार नाही, असे त्यांनी सुचविले. तलाव व तळी बांधावीत, गायराने परत द्यावीत, चांगल्या जातीची जनावरे आणून पैदास करावी, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असेही सांगितले. पाटाच्या पाण्याविषयीचे त्यांचे म्हणणे तर फार व्यवहारी होते. खाते पट्टी वसूल करते, पण पिकास जेव्हा हवे तेव्हा पाणी सोडत नाही. म्हणून प्रत्येकास तोटी बसवून मोजून पाणी द्यावे. राजनाल्याच्या पाण्याची वाट पाहिलेल्या कर्जतच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. बांधबंदिस्ती व पाणी जिरविण्याच्या सरकारी योजना पुढे विसाव्या शतकात आल्या.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. सारा शेतकऱ्याकडून वसूल होतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गासाठी होतो, तेव्हा खेड्यातील प्राथमिक शिक्षण आधी पाहावे, असा त्याचा आशय होता. शेतकऱ्याच्या मुलास कागद वाचता आल्याशिवाय त्याची सुटका नाही, हे त्यांनी ओळखले होते. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला. बाकीचे पाहुणे दागदागिने घालून आले, जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि हाच राणीच्या प्रजेचा खरा वेष आहे असे त्यांनी तेथे सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्यानंतर अर्धांगाने उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी त्यांचे कार्य पुढे चालविले.

कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्याने संपले व गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरून कुळे जमिनीचे मालक झाली, अर्थात ज्यांची नावे कागदावर लागली होती ती. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या वहिवाटीस २००६ साली वनहक्क कायद्याने मान्यता मिळाली, पण तेथेही दावा, पुरावा व समिती आहेच. शेतकऱ्याच्या असुडाची पहिली दोन प्रकरणे दीनबंधू पत्रात छापली गेली होती, पुढची मात्र त्या पत्राने छापली नाहीत, आणि संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत निघाला नाही. १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, म्हणजे सरकारच्याच एका मंडळाने, त्यांच्या समग्र वाङ्मयात तो छापला.