आच्छादनाची वाट दाखवणाऱ्या रूथ स्टाउट

नांगरणीची वेळ आली आणि ट्रॅक्टर मिळालाच नाही, असा अनुभव तुम्हालाही असेल. अमेरिकेतील रूथ स्टाउट यांची बागकाम करण्याची रीत अशाच एका अडचणीतून बदलली.

रूथ यांचा जन्म 1884 साली कॅन्सस राज्यात झाला. प्रसिद्ध रहस्यकथाकार रेक्स स्टाउट हे त्यांचे धाकटे भाऊ. तरुणपणी त्या न्यूयॉर्कला गेल्या. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी रशियातही जाऊन आल्या. 1930 मध्ये पती आल्फ्रेड रॉसिटर यांच्यासह त्यांनी कनेक्टिकट राज्यातील रेडिंग येथे 55 एकरांची जागा घेतली आणि भाजीपाल्याची बाग सुरू केली.

पहिली 14 वर्षे त्यांनी सगळे रीतीप्रमाणे केले. दर वसंतात नांगरणी, मग खुरपणी, मग पाणी. वय साठीला टेकले, पाठ दुखू लागली. बाग सोडायची की रीत बदलायची, असा प्रश्न होता.

1944 च्या वसंतात नांगरणी वेळेवर झाली नाही. वाट पाहताना त्यांची नजर अॅस्परॅगसच्या वाफ्याकडे गेली. हे बहुवर्षायू पीक न नांगरताच उगवून आले होते. मग वाटाणाही तसाच का लावू नये? त्यांनी जुना पालापाचोळा बाजूला सारला. खाली माती ओलसर आणि भुसभुशीत होती. तिथेच बी टाकले.

तेव्हापासून त्यांनी बाग वर्षभर झाकून ठेवली. भिजून खराब झालेले गवत, पेंढा, पाने, पाइन वृक्षाची सुईसारखी वाळलेली पाने, भुसा, काढलेले तण, स्वयंपाकघरातील ओला कचरा असे कुजणारे सगळे त्या वापरत. थर सुमारे 8 इंचांचा असे. नत्रासाठी वरून सरकी पेंड टाकत.

पाइनच्या सुया एकमेकींत अडकतात, त्यामुळे उतारावरही वाहून जात नाहीत. पाणी खाली झिरपू देतात आणि सावकाश कुजतात. त्यांनी जमीन आम्लधर्मी होते असा समज आहे, पण वाळलेल्या सुया वर पसरल्याने मातीच्या सामूत फारसा फरक पडत नाही.

1955 साली त्यांचे बागकामावरील पुस्तक आले आणि दुरून लोक बाग पाहायला येऊ लागले. 1980 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यातून तुम्ही काय घ्याल? नांगर लगेच विकू नका. रूथ यांची बाग लहान होती आणि तिची 14 वर्षे मशागत झालेली होती. आपल्याकडे पाइन नाही, पण उसाचे पाचट, भाताचा पेंढा, गवत आहे. ते जाळू नका. पुढील काळजी घेऊन परसबागेत किंवा एका वाफ्यात सुरुवात करा:

- बी आलेले गवत वापरू नका.
- आच्छादन खोडाला चिकटू देऊ नका.
- गोगलगायी व उंदरांवर लक्ष ठेवा.
- बी पेरताना तेवढी ओळ मोकळी करा, रोप वर आल्यावर पुन्हा झाका.

उन्हाळ्यात एकदा थर उचलून खालची माती मुठीत घ्या. शेजारच्या उघड्या मातीशी तुलना करा आणि मगच क्षेत्र वाढवा.