कार्पेटसाहेबाची हलकी रायफल

आमचे खर्डी हे कल्याण-कसारा लोहमार्गावरचे एक छोटे स्टेशन. एका अंगाने रूळ आणि मुंबई-आग्रा रस्ता जातो, दुसऱ्या अंगाला तानसा अभयारण्याकडचे सागाचे रान लागते. भात निसवले की रानडुकरे शेतात उतरतात आणि अधूनमधून बिबट्याची वार्ता कानी येते. आजोबांच्या तरुणपणी आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एक ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ता चिरलेला असल्याने त्यावर तार गुंडाळली होती, असे घरात नेहमी सांगतात. मी ती पाहिलेली नाही. पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून जिम कॉर्बेटची पुस्तके घरी नेली आणि त्याच्या आयुष्यातली पहिली बंदूकही तारेनेच बांधलेली होती असे वाचले, तेव्हा हा परका साहेब मला एकाएकी जवळचा वाटू लागला.

कॉर्बेटच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याचे चरित्र जरा निराळ्या वाटेने सांगायचे आहे. त्याच्या हातात कोणत्या बंदुका आल्या, त्यातली कोणती त्याला सर्वांत उपयोगी पडली आणि अखेरीस त्याने ती खाली का ठेवली, एवढेच मला पाहायचे आहे.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तिथले पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचा नाही तोच, १८८१ मध्ये, ते वारले. पदरात मोठा पोरवडा असलेल्या आईने, मेरी जेन यांनी, घरे भाड्याने देण्या-घेण्याचे व्यवहार सांभाळून संसार चालवला. थोरला भाऊ टॉम पुढे वडिलांच्याच जागी पोस्टमास्तर झाला. हे कुटुंब गोऱ्यांचे खरे, पण लाटसाहेबांचे नव्हते. उन्हाळा नैनीतालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा त्यांचा क्रम असे. कालाढुंगीचे रान हीच जिमची पहिली शाळा.

न्यूमोनियाच्या दुखण्यातून उठताना टॉमने त्याला एक बेचकी दिली. बेचकीनंतर गोळ्या मारायचे धनुष्य आले. मग आठेक वर्षांचा असताना, पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या स्टीफन डीझ नावाच्या गृहस्थाने त्याला एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक दिली. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि दस्ता व नळ्या पितळी तारेने एकमेकींना बांधल्या होत्या. म्हणजे नावाला दुनळी, पण चालणारी नळी एकच. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, वर छरे घालायचे, गजाने ठासायचे, तेव्हा कुठे बार तयार होतो. तोवर सावज थांबत नाही. शिवाय दारू आणि छरे मोजकेच. त्यामुळे या पोराला उडवण्यापेक्षा थांबण्याची सवय लागली. वानराचा इशारा, मोराची ओरड, ओल्या वाळूतल्या पावलाची कड हे सर्व तो वाचू लागला, कारण पहिला बार फुकट गेला तर दुसरा नव्हता.

दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेट तुकडीत त्याची नेमबाजी पाहून सार्जंट-मेजरने त्याला पॉइंट ४५० ची मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट एवढीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत करायची. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या त्या लष्करी रायफलीने त्याने आपला पहिला बिबट्या मारला. पाहा, इथेही दुसरी संधी नव्हतीच.

पुढचे शिक्षण पैशाअभावी राहिले. अठरा-एकोणीस वर्षांचा जिम बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधनाच्या लाकडाच्या कामावर लागला. नंतर गंगेकाठच्या मोकामेह घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका त्याने घेतला आणि वीसएक वर्षे तो हमालांबरोबर खपला. पुढे पहिल्या महायुद्धात कुमाऊँतली पाचशे माणसे घेऊन तो फ्रान्सला गेला. पण ज्या कामाने त्याचे नाव झाले ते सारे रेल्वेच्या रजेतून सुरू झाले आहे, हे आपण विसरतो. आपल्या तालुक्यातली कितीतरी घरे रेल्वेच्या नोकरीवर उभी आहेत. म्हणून मला ही गोष्ट विशेष वाटते.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीने कुमाऊँत हाहाकार मांडला होता. नेपाळात सुमारे २०० आणि इकडे २३६, मिळून ४३६ माणसे तिने मारली असा कॉर्बेटचा हिशेब आहे. तो गेला तो दोन अटींवर. सरकारने लावलेले बक्षीस मागे घ्यायचे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवायचे. पैशासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये आणि कोणा उतावळ्याची गोळी आपल्याला लागू नये, असे दोन्ही हेतू त्यामागे होते.

तहसीलदाराने हाक्यासाठी २९८ माणसे जमवली. त्यांतल्या बऱ्याच जणांजवळ बिनपरवान्याच्या जुन्यापुराण्या बंदुका होत्या आणि तहसीलदाराने त्यांकडे काणाडोळा केला. कॉर्बेटजवळ मात्र पॉइंट ५०० ची जड रायफल आणि अवघी तीन काडतुसे. पहिली गोळी हुकली. पुढच्या दोन लागल्या, पण वाघीण पडली नाही. ती वळून त्याच्याकडे पाहत उभी राहिली आणि याची रायफल रिकामी. तो धावत ओढ्यापलीकडे गेला, तहसीलदाराच्या हातची छऱ्याची बंदूक घेतली आणि परत येऊन सुमारे वीस फुटांवरून तिच्या जबड्यावर झाडली. ती बंदूक इतकी खिळखिळी होती की तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांत फट पडली होती. गोळी जबड्याला न लागता पंजाला लागली. सुदैवाने आधीच्या जखमांनी वाघीण संपतच आली होती. तिथेच तिने मान टाकली.

वाघिणीचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले दिसले. जुन्या एका गोळीने ते मोडले होते. नेहमीचे भक्ष्य धरणे तिला त्यामुळेच अशक्य झाले होते. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, एक बार बेफिकिरीने टाकला, जखमी जनावर तसेच सोडून दिले आणि त्याची किंमत ४३६ घरांनी मोजली. माझ्या मते कॉर्बेटच्या साऱ्या लेखनात यापेक्षा भयंकर वाक्य नाही, आणि ते त्याने अगदी साधेपणाने लिहिले आहे.

काही महिन्यांनी नैनीतालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी तहसीलदाराला एक नवी बंदूक दिली. कॉर्बेटला त्यांनी जी भेट दिली तीच ही रायफल. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५ ची, माउझर बोल्टची.

या रायफलीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या काळी हिंदुस्थानातल्या संस्थानिकांची आणि बड्या साहेबांची आवडती शिकारी बंदूक म्हणजे विलायती दुनळी रायफल. तिच्या दोन नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर हाताने, पुनःपुन्हा बार काढून, नळ्या जुळवीत. त्या मेहनतीमुळे तिची किंमत बोल्टच्या रायफलीच्या अनेक पटींनी होई. तिचा मोठा गुण म्हणजे लागोपाठ दोन बार क्षणात निघतात. पण वजन पाच किलोच्या आसपास आणि धक्का खांदा हलवून सोडणारा. माउझरची रचना याउलट. ती मुळात सैनिकांसाठी, कारखान्यात हजारांनी बनवण्यासाठी योजलेली. नळी एक, खाली काडतुसांचे घर, बाजूला दांडी. दांडी मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे रेटली की नवे आत जाते. वजन साडेतीन किलोच्या आसपास. गोळी अवघी सात मिलिमीटर जाडीची. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात बोअर शेतकऱ्यांनी याच जातीच्या माउझर घेऊन ब्रिटिश फौजेला जेरीस आणले होते. रिग्बीने ती शिकारीसाठी सफाईने बांधली, तरी तिची जात शेतकऱ्याची आणि शिपायाचीच राहिली.

एवढ्या लहान गोळीने वाघ मारणे म्हणजे धाडस, असे पुष्कळांना वाटे. कॉर्बेटजवळ पुढे पॉइंट ४५०/४०० ची एक उत्तम दुनळीही आली आणि तीही त्याने वापरली. १९३८ मध्ये ठाकची वाघीण, त्याची शेवटची नरभक्षक, त्याने या दुनळीने मारली. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. अडचणीच्या कपारीवरून बार काढताच धक्क्याने तो खाली आपल्याच माणसांच्या अंगावर कोसळला. पण डोंगरात दिवस दिवस चालायचे, तेव्हा हलकी रायफल किती मोलाची ठरते, ते चौगढच्या प्रसंगाइतके कुठेच दिसत नाही.

दिनांक ११ एप्रिल १९३०. पाच वर्षांत ६४ माणसे मारलेल्या चौगढच्या वाघिणीच्या मागावर कॉर्बेट दोन सोबत्यांसह एका घळीत उतरत होता. वाटेत त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. अंड्यांचा त्याला छंद होता. त्याने ती शेवाळात गुंडाळून डाव्या हातात घेतली, उजव्या हातात हलकी रिग्बी. एक मोठा खडक ओलांडून त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले तो आठ फुटांवर वाघीण बसलेली. तिची नजर याच्या नजरेला भिडली होती.

डावा हात अंड्यांत गुंतलेला. गर्रकन वळावे तर ती झेप घेणार. त्याने एका हाताने रायफल छातीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. हात लांब झाला, नळी तिच्या दिशेला आली आणि त्याने चाप ओढला. एका गोळीत काम झाले. पुढे लिहिताना त्याने म्हटले आहे की हातातली अंडी आणि हलकी रायफल या दोन्ही गोष्टी वाचकाला अडचणीच्या वाटतील, पण त्यांनीच आपल्याला वाचवले. अंडी नसती तर तो झटक्याने वळला असता. रायफल जड असती तर ती एका हाताने फिरलीच नसती. मग त्याने काय केले? परत जाऊन अंडी होती तिथे ठेवली. अर्ध्या तासाने त्याच वाटेने येताना पाहिले तर पक्षीण त्यांवर बसली होती.

इथवर वाचून कॉर्बेटची आरती ओवाळणे सोपे आहे. पण त्याने नरभक्षक नसलेली जनावरेही मारली, हे लपवता येत नाही. पवलगढचा प्रचंड वाघ कोणाच्या वाटेला गेला नव्हता. तो १९३० मध्ये केवळ शिकार म्हणून मारला गेला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीच्या मोहिमांत तो साह्य करी. आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाच्या माणसाने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक अशाच पॉइंट २७५ ने. तेव्हा हलकी, स्वस्त रायफल आपोआप माणसाला शहाणा करते असे मुळीच नाही.

कॉर्बेटचे वेगळेपण असे की तो बदलला. वाघ झपाट्याने कमी होताना पाहून त्याने सिनेकॅमेरा हाती घेतला. कॅमेऱ्याच्या आवाजाने वाघ बिचकतात म्हणून ओढ्याला बांध घालून त्याने पाण्याचा खळखळाट वाढवला आणि महिनोन् महिने बसून सात वाघ एकत्र चित्रित केले. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क स्थापन झाले त्यात त्याचा वाटा होता. १९५७ पासून त्याला कॉर्बेटचे नाव आहे आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तिथेच झाला. कालाढुंगीजवळच्या आपल्या छोटी हल्द्वानी गावात त्याने कुळांना वसवले, रानडुकरांपासून पिके राखावीत म्हणून एका शेतकऱ्याला बंदूक दिली आणि जाताना जमीन कुळांना देऊन टाकली. पहाडी लोक त्याला कार्पेटसाहेब म्हणत.

१९४७ च्या अखेरीस तो आणि बहीण मॅगी मुंबईहून बोटीने आफ्रिकेला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात न्येरी येथे त्याचे निधन झाले.  त्याचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक १९४४ मध्ये मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले होते. त्याची रायफल या प्रकाशनसंस्थेकडे गेली. पुढे रिग्बी कंपनीनेच ती विकत घेतली आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी ती पुन्हा कुमाऊँत आणली.

चंपावतच्या वाघिणीचे प्रकरण मी गेल्या दिवाळीच्या सुटीत आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले. मोडलेल्या सुळ्यांचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवले. मग इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी ती रात्र सांगितली. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधीची गोष्ट. शेळ्यांच्या गोठ्यापाशी आलेल्या बिबट्यावर त्यांनी अंधारात त्या तार बांधलेल्या बंदुकीचा बार टाकला. सकाळी ओढ्यापर्यंत रक्त दिसले, पुढे काही नाही. त्यांनी शोध सोडून दिला. त्यानंतर दोन वर्षे आसपासच्या कोणत्याही पाड्यावरून बिबट्याची वार्ता आली की हा आपलाच तर नव्हे, या विचाराने त्यांची झोप उडे. कोणाला काही झाले नाही. पण बंदूक त्यांनी पुन्हा भरली नाही आणि पुढे ती पोलीस ठाण्यात जमा केली.

बंदूक चांगली असती तर, असे मी म्हणून गेलो. आजोबांनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे की बंदूक जशी होती तशी ठीक होती, दिसत नसताना बार टाकायला नको होता आणि टाकल्यावर मागे जायला हवे होते. मग त्यांनी मला पुढचे पान वाचायला सांगितले.